ठेवते

आमच्या ऑफिसात शौकी नावाचा एक इजिप्तचा माणूस आहे. त्याला मराठी येते. म्हणजे येत न्हाई, पण तो बोलतो. आणि बोलतो ती पुण्यामुंबईची मराठी न्हाई, आमच्या भोकरदनकडची आहे, कारण ती त्यानं माझ्या तोंडून उचलली. मी शिकवली न्हाई. मला कुणाला काही शिकवायची हौस न्हाई आणि तेवढा दमही न्हाई. मी मायशी फोनवर बोलून राह्यले की हा शेजारच्या टेबलावर कान देऊन बसायचा, त्यातून त्यानं आपली आपण उचलली.

ऑफिस बहरीनला आहे, मनामात. कंपनी लिफ्ट बसवते, मी बिलं काढते. आमची जेवायची सुट्टी आणि मायची दुपारची सवड एकाच वेळेला यायची, म्हणून तिचा फोन रोज तेव्हाच. मी डबा उघडायची, फोन कानाला लावायची आणि बोलायची. बोलायची म्हणजे काय? "हौ. जेवले, माय. तू जेवलीस का? गोळी घेतली का? मंग? हौ. नको ना माय. बरं, ठेवते." रोज हेच. शौकीला पलीकडचं ऐकू यायचं न्हाई, त्याला फक्त माझी बाजू यायची. तर त्याची सगळी मराठी म्हणजे एका पोरीनं आईशी फोनवर बोलायची मराठी. तेवढीच, आणि तीही बाईची.

माणूस पन्नाशीचा, जाडा, मिशीवाला. गळ्यात टाय बांधतो आणि पायात चपला घालतो. बूट टेबलाच्या खणात असतात, साहेब केबिनबाहेर आला की तेवढ्यापुरते काढून घालतो. प्रिंटर अडकला की आधी त्याला एक चापट मारतो, मंग त्याच्यावर हात फिरवून माफी मागतो. खिडकीत कुंडीत त्यानं वांग्याचं झाड लावलंय, तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात. मागच्या वर्षी त्याला एक वांगं लागलं, लिंबाएवढं. शौकीनं ते घरी नेऊन भाजून आणलं आणि सगळ्या ऑफिसला वाटलं, प्रत्येकाला नखाएवढं. साहेबालाही दिलं. साहेबानं खाल्लं, काय करील.

पण त्याची मोठी खोड म्हणजे फोन. वाजणारा फोन त्याला बघवत न्हाई. कुणाचाही असो, टेबलावर पडलेला मोबाइल असो, हा तीन टेबलं ओलांडून जाईल आणि उचलील. दारात माणूस आलाय आणि आपण आत बसून राहायचं, हे त्याला पटत न्हाई, असं तो मोडक्या इंग्रजीत सांगतो. सुरुवातीला लोक चिडले. एकाच्या बायकोशी यानं परस्पर भांडण मिटवून टाकलं, तेव्हापासून गप्प बसले.

आणि बोलायचा काय, तर माझी मराठी. त्याला वाटायचं ही सगळ्या हिंदुस्थानची बोली आहे. केरळचा वॉचमन दिसला की विचारायचा, गोळी घेतली का? तो बिचारा इमानदारीत सलाम ठोकायचा. पंजाबच्या इंजिनियरला सांगायचा, नको ना माय. इंजिनियरला वाटायचं ही अरबी आहे. मी हसून हसून बेजार व्हायची, पण मधे पडायची न्हाई. एकदा मात्र सांगून बघितलं, की बाबा, ठेवते हे बाईनं म्हणायचं असतं, बाप्यानं ठेवतो म्हणावं. त्यानं मलाच खोटं पाडलं. तू हिंदुस्थानची आहेस आणि तू ठेवते म्हणतेस, मंग ठेवतेच बराबर. तो मीटिंग संपली की फाइल मिटून म्हणायचा, बरं, ठेवते. त्याचं ऐकून सगळे शिकले. संध्याकाळी लिफ्टपाशी बघावं तर फिलिपीनची पोरगी, सुदानचा ड्रायव्हर, खुद्द साहेब, सगळे एकमेकांना ‘ठेवते’ म्हणून घरी जाऊन राह्यले.

त्याला माझ्या बोलण्यात अरबी पण सापडायची. मी तब्येत म्हणले की तो टाळी वाजवायचा, इलाज म्हणले की खुर्चीतून उठायचा. आमच्याकडं निजामाच्या राज्यात हे शब्द आले ते राह्यलेच, पण त्याला वाटायचं मी ते त्याच्या गावातून पळवून आणलेत. रोज डबा उघडला की तो मला विचारायचा, कल्ती? त्यांच्याकडं कल म्हणजे खाल्लं. कल्ती म्हणजे, बाई, तू खाल्लंस का. मी मान हलवायची. तेवढी अरबी मला पुरत होती, पुढं शिकायची तसदी मी घेतली न्हाई.

मायची आणि त्याची गाठ अशीच पडली. मी डबा धुवायला गेल्ते, टेबलावर फोन वाजला, यानं उचलला. दुसऱ्या दिवशी माय मला विचारून राह्यली, की तुझ्या हापिसात तो कोण बाप्या आहे, मला गोळी घेतली का म्हणतो. मी नाव सांगितलं. शौकी काही तिच्या तोंडात बसलं न्हाई, ती म्हणली शौकीन. मंग रोजचंच झालं. माझ्याशी दोन शब्द झाले की विचारायची, शौकीन हाय का गं? मी फोन त्याच्याकडं द्यायची. मला बरंच होतं, डबा निवांत खाता यायचा.

माय त्याला काय काय सांगायची. कुणाची म्हैस व्याली, शेजारच्या नंदाबाईच्या सुनेनं काय केलं, गुडघा कसा दुखतो, बाबा पेपर वाचता वाचता कसे झोपतात. तो हौ म्हणायचा. जरा थांबून मंग म्हणायचा. माय पुढचं सांगायची. त्याला त्यातले दोनच शब्द कळायचे, जेव आणि ठेव. पलीकडून ‘ठेव’ आलं की तो ‘ठेवते’ म्हणायचा आणि फोन बंद करायचा, त्याच्याआधी न्हाई. माय मला म्हणली, तुझ्यापरीस तो बरा, मी ठेव म्हणल्याबिगर ठेवत न्हाई. मी म्हणले, मंग त्यालाच पोरगा कर. ती हसली.

एक राह्यलं सांगायचं. शौकीचं डोकं म्हणजे टेपरेकॉर्डर आहे. एकदा ऐकलेलं तो जसंच्या तसं म्हणून दाखवतो, कुठल्याही भाषेतलं. वॉचमनचं घरी झालेलं भांडण त्यानं आम्हाला मल्याळममधे करून दाखवलं होतं, दोन्ही बाजूंनी. अर्थ एका शब्दाचा माहीत न्हाई, पण सूर, खोकला, मधलं थांबणं, सगळं बराबर. मायचा फोन झाला की तो तिचं बोलणं मला असंच म्हणून दाखवायचा आणि विचारायचा, मामा काय म्हणली? त्यांच्याकडं मामा म्हणजे आई. मी तोंडात घास धरून म्हणायची, काही न्हाई, भाजीचं सांगून राह्यली. बहुतेक वेळा ते भाजीचंच असायचं.

ज्या दिवशी माय गेली, त्या दिवशी साहेबानं मीटिंग लावली होती. मोबाइल बाहेर ठेवून यायचे, असा त्याचा नियम. मी माझा टेबलावर ठेवला. मीटिंग लांबली. बाहेर आले तर शौकीचं टेबल रिकामं, त्याची वर्षाची मोठी सुट्टी लागली होती, तो दुपारीच विमानतळावर गेल्ता. टाय तेवढा खुर्चीला लटकत होता. मी डबा खाल्ला आणि कामाला लागले. मायला फोन करायचं राहून गेलं.

संध्याकाळी सूरजचा फोन आला. सूरज माझा धाकटा भाऊ, जालन्याला बियाण्याच्या कंपनीत असतो. तो म्हणला, माय गेली. मी म्हणले, हौ. मंग म्हणले, मंग? त्याला वाटलं मला ऐकू आलं न्हाई. त्यानं पुन्हा सांगितलं.

मला काही वाटलं न्हाई. खरं सांगते, काहीच न्हाई. साहेबाला सांगितलं, तिकीट काढलं, राह्यलेली दोन बिलं काढून फिलिपीनच्या पोरीकडं दिली. विमानात शेजारच्या बाईला खिडकीजवळ बसायचं होतं, तिला जागा दिली. जेवण आलं ते खाल्लं. संभाजीनगरला सूरज गाडी घेऊन आल्ता. त्याचे डोळे सुजले होते. तो मला धरून रडला, मी त्याच्या पाठीवर थोपटत राह्यले आणि मला वाटलं, याचा शर्ट किती दिवसांचा आहे.

भोकरदनच्या रस्त्याला लागल्यावर मी फोन उघडला. मायचं नाव वर होतं. त्या दुपारी तिचा फोन आल्ता, आणि तो उचललेला दिसत होता. मिनिटभर बोलणं झालेलं. मी मीटिंगमधे होते. फोन टेबलावर होता. उचलणारा एकच माणूस.

घरी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. आमचे बाबा ओट्यावर बसले होते. बाबा म्हणजे संपत गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म काढलेला माणूस, अजून गाव त्यांना बघून बिडी विझवतं. त्यांच्या हातात मायचा मोबाइल होता. तिनं शेवटचा फोन कुणाला केला ते त्यात होतं, माझं नाव. मी चप्पल काढून राह्यले तेवढ्यात त्यांनी विचारलं.

"तुझ्याशी बोलली ना ती? काय म्हणली?"

त्या वेळेलाच सांगायला पाहिजे होतं की मी नव्हते. पण अंगणात माणसं बसलेली, बाया माझ्या तोंडाकडं बघून राह्यलेल्या. मी तशीच आत गेले.

झालं होतं ते असं. सकाळी बाबा भोकरदनला गेल्ते, बँकेचं काम आणि बाजार. माय घरी एकटी. दुपारी नंदाबाई विरजण मागायला आली, तर माय बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेली. नंदाबाईला वाटलं झोपली. विरजण घेऊन ती निघालीही होती, मंग दारातून परत फिरली. डॉक्टर म्हणला, हृदयाचं. टोपल्यात भाकरी होत्या, भाजी झाकलेली होती. मायनं एक तुकडा मोडलेला नव्हता. नंदाबाई हे प्रत्येक येणाऱ्याला सांगायची, उपाशी गेली हो माझी बाई. बाबा संध्याकाळी गवार घेऊन घरी आले. ती गवार अजून पिशवीतच होती, मी आले तेव्हा.

रविवारी जलदानाचा विधी ठेवला होता, भंतेजींना सांगून झालं होतं. तोवर माणसं यायची, जयभीम करायची, बसायची. मी चहा करायची. चहा करणं मला चांगलं जमून राह्यलं होतं. नंदाबाईला माझी काळजी लागली. पोरगी रडत न्हाई, हे काही चांगलं न्हाई, असं ती सगळ्यांदेखत म्हणली. तिनं मला कवटाळलं, हलवलं, मायची एकेक आठवण काढून बघितली. मी तिच्या खांद्यावरून समोर बघत होते. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोचा हार वाळला होता, तो रविवारच्या आत बदलला पाहिजे, हे माझ्या मनात आलं. दुसरं काही आलं न्हाई. नंदाबाईनं दमून मला सोडलं.

बाबा मात्र माझ्या मागंच लागले. ओरडून न्हाई, रागावून न्हाई. मी पाणी द्यायला गेले की विचारायचे, काय म्हणली? मी झाडून राह्यले की दारात येऊन उभे राहायचे. शिकवायचे तेव्हाही पोराला उत्तर येत नसलं तर ते असेच शांत उभे राहायचे, ते मारण्यापेक्षा वाईट होतं. एकदा मला म्हणले, की त्या सकाळी ते घरातच होते, तिच्या हातचा चहा पिला, पेपर वाचला आणि निघाले. तिच्याशी काय बोलणं झालं ते त्यांना आठवतच न्हाई. झालं का न्हाई तेही आठवत न्हाई. म्हणून त्यांना माझ्याकडून पाहिजे होतं.

सूरज चिडला. मला मागच्या दारी घेऊन गेला आणि म्हणला, म्हाताऱ्याला असं काय छळून राह्यली? काहीतरी सांग ना. नीट जेवा म्हणली, औषध घ्या म्हणली, काहीही सांग. आता मला खोटं बोलता येत न्हाई असं न्हाई, बिलं काढते मी. पण मायच्या तोंडी काय घालावं तेच सुचून राह्यलं न्हाई. मंग मी त्याला खरं सांगितलं, की फोन मी उचललाच न्हाई, शौकीनं उचलला. सूरज म्हणला, तो इजिप्तवाला? मंग लाव ना त्याला फोन.

लावला नव्हता का मी? पहिल्याच रात्री लावला. बहरीनचा नंबर बंद. तो आपल्या गावी गेला की तो फोन कपाटात टाकतो, आणि मेसेज वाचायची त्याला सवयच न्हाई. ऑफिसात विचारलं तर दुसरा नंबर कुणाकडं नव्हता. पण सुट्टीवर असला की दर शुक्रवारी तो पुतण्याच्या मोबाइलवरून ऑफिसच्या माणसांना एकेकाला फोन करतो, वांग्याला पाणी घातलं का विचारायला. मी फिलिपीनच्या पोरीला सांगून ठेवलं, त्याचा आला की त्याला म्हणावं रूपालीला कर.

शुक्रवार उजाडला. सूरज मंडपवाल्याकडं गेल्ता. घरात मी आणि बाबा. दुपारचं कुणी आलं न्हाई, म्हणून मी भाकरीचं पीठ मळायला घेतलं. बाबा उंबऱ्याशी बसून ती गवार मोडून राह्यले होते, वाळून गेलेली, तरी. फोन पाटाशेजारी ठेवला होता. वाजला. नंबर ओळखीचा नव्हता, लांबलचक. माझे हात पिठानं भरलेले, मी कोपरानं बटण दाबलं आणि स्पीकरच लागला.

शौकीच होता. त्याला मायचं कळलं होतं. तो आधी बराच वेळ रडला, मोठ्यानं, लाज न ठेवता. मंग त्यांच्याकडं म्हणायची रीत आहे तसं म्हणला, की तिचं उरलेलं आयुष्य तुला लागो. मी म्हणले, शुक्रिया. बाबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्यांना आवाज ओळखू आला न्हाई, पण कोण ते कळलं असावं. माय घरातही शौकीनचं सांगतच असायची.

मी आमच्या मोडक्या इंग्रजीत त्याला विचारलं, की त्या दिवशी माझा फोन तू उचलला का? तो म्हणला, हौ. मामाशी बोलला का? हौ. घाईत होता, टॅक्सी खाली उभी होती, पण मामा ठेव म्हणेपर्यंत त्यानं ठेवला न्हाई. तो माझी वाटच बघत होता, म्हणून दाखवायला आणि अर्थ विचारायला. मी मीटिंगमधून आले न्हाई म्हणून त्यानं ते विमानात पाठ केलं, विसरू नये म्हणून. आत्ता म्हणू का, असं त्यानं विचारलं.

मी म्हणले, म्हण.

त्यानं घसा साफ केला. आणि माय बोलायला लागली. आवाज बाप्याचाच होता, पण बोलणं तिचं. ‘रे’ लांबवायची तिची पद्धत, मधे श्वास घ्यायची जागा. बाबांच्या हातातली शेंग तशीच राह्यली.

"कोण, शौकीन का? बरं झालं बाबा तूच उचलला. सकाळधरून छातीत कळ येऊन राह्यली रे. कळ येती अन् जाती, कळ येती अन् जाती."

"हौ."

"गुरुजी भोकरदनला गेलेत. घामानं लुगडं भिजलं सगळं."

"मंग? गोळी घेतली का?"

"घेतली रे लेकरा. तिला नको सांगू हं. ती कामात ऱ्हाती. जिवाला लावून घेती मंग."

"हौ. जेवलीस का?"

"आं? जेवते आता. तू बी जेव. बरं, ठेव."

"ठेवते."

तो थांबला. मायच्या बोलण्यात मधे मधे त्याची जी उत्तरं होती, ती त्याची नव्हतीच. माझी होती. तोंडात घास धरून म्हणलेलं हौ. पुढचं ऐकायच्या आधीच म्हणलेलं मंग. कधी एकदा संपतंय अशा घाईचं ठेवते. मी फोन उचलला असता तर हेच बोलले असते, याच सुरात. आणि माय मला भाजीचं सांगून मोकळी झाली असती. कळ आली हे तिनं त्याला सांगितलं, कारण त्याला समजत न्हाई हे तिला माहीत होतं.

शौकीनं विचारलं, मामा काय म्हणली? मंग स्वतःच म्हणला, थांब, मला थोडं समजलंय. मामा सारखी कल, कल म्हणत होती. कल म्हणजे खाल्लं. मला लगेच समजलं, मामा जेवली. म्हणून मीही तिला जेवलीस का विचारलं, ती पण काहीतरी जेवायचंच म्हणली. मी टॅक्सीत बसलो तेव्हा मला फार बरं वाटत होतं. घरी येऊन बहिणीलाही सांगितलं, हिंदुस्थानच्या मामाची सगळी बात आज मला समजली. नंतर कळलं की ती त्याच दिवशी गेली, तेव्हा मी म्हणलो, चला, निदान जेवून गेली.

"बराबर आहे ना?" त्यानं विचारलं.

बाबा माझ्याकडं बघून राह्यले होते. टोपल्यातल्या भाकरी त्यांनी बघितल्या होत्या, गाईला घालायला त्यांनीच नेल्या होत्या. मी पिठाच्या हातांकडं बघितलं.

"हौ," मी म्हणले. "जेवली होती."

पलीकडं त्यानं मोठा श्वास सोडला. बाबांनी शेंग मोडली, टोपलीत टाकली. मंग दुसरी घेतली, ती मोडली न्हाई.

"मला बी न्हाई सांगितलं," ते म्हणले. "सकाळी मी घरातच होतो की."

इतके दिवस त्यांना जे पाहिजे होतं ते त्यांना मिळालं होतं. ते उठले न्हाईत, रडले न्हाईत, भिंतीला टेकून बसले. मायची बाज त्याच भिंतीला होती.

शौकीला वाटलं फोन कटला. त्यानं हॅलो हॅलो केलं. मंग आवाज बदलून, आपल्या नेहमीच्या मराठीत आला.

"मंग? जेवलीस का? गोळी घेतली का?"

ती घाई, तो सूर. रोज दुपारी भांडी बाजूला सारून, पदराला हात पुसून माय हे ऐकायला फोन लावायची, माझ्याकडून. तेवढ्यासाठी. मला माय पाहिजे होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी पाहिजे होतं, आणि ते हे होतं. डोळ्यांतलं पाणी परातीत पडून राह्यलं, मला पुसता येईना, हात पिठाचे.

"नको ठेवू," मी म्हणले.

हे माझ्या तोंडून त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. त्याला त्यातला एकच शब्द कळला.

"हौ," तो म्हणला. "ठेवते."

आणि त्यानं ठेवला.